ससा आधी उलटा करून बघा

चाळीसगावच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगी सात वर्षांची, तिला सशांचं भारी वेड. ताई स्वतः केबलवर बग्ज बनी बघत मोठ्या झालेल्या. दोघींचं मिळून घरातलं एक फडताळ सशांच्या आणि जुन्या कार्टूनच्या वस्तूंनी सजवायचंय, पाच हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. खान्देशात हे कुठे मिळेल, खरं-खोटं कसं ओळखायचं, आणि सासूबाईंच्या पेटीतून निघालेला कान तुटलेला चिनी मातीचा ससा (तुकडा जपून ठेवलाय) जोडून घ्यावा का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई, मी जळगावात भेटवस्तूंचं दुकान चालवतो आणि दुकान काढण्याच्या आधीपासून जुनी खेळणी गोळा करतो. त्यात सशांची एक वेगळी फळी आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, सवडीने वाचा.

पहिली सवय ही लावून घ्या. वस्तू हातात आली की तोंड नंतर बघायचं, आधी ती उलटी करायची. सॉफ्ट टॉय असेल तर मागच्या शिवणीत अडकवलेली पट्टी बघा, ताटली असेल तर बूड. रबरी ससा असेल तर तळपाय किंवा मानेची मागची बाजू, पत्र्याचं खेळणं असेल तर चावीच्या आसपासची जागा. तिथलं वाचल्याशिवाय भाव विचारू नका. भाव विचारला की विकणारा तुमच्या तोंडाकडे बघतो, आणि सोबत मुलगी ‘आई घे ना’ करत असेल तर आकडा तिथेच चढतो. मी काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलेलो आहे, म्हणून सांगतो.

त्या बारीक अक्षरांतून बरंच कळतं. डिस्नेच्या वस्तूंवर १९३०च्या दशकात ‘वॉल्ट डिस्ने एंटरप्रायझेस’ असायचं, मग १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ‘वॉल्ट डिस्ने प्रॉडक्शन्स’, आणि त्यानंतर बहुतेक वेळा नुसतं ‘डिस्ने’. डिस्नेच्या ‘बॅम्बी’ चित्रपटातला थंपर ससा पडद्यावर आला १९४२ला. पण हातातल्या थंपरच्या तळपायावर नुसतं ‘डिस्ने’ असेल, तर विकणारा आजोबांच्या काळचा म्हणो की पणजोबांच्या, तो ससा तुमच्या-माझ्या हयातीत बनलेला आहे. बग्जच्या वस्तूवर ‘वॉर्नर ब्रदर्स-सेव्हन आर्ट्स’ असं जोडनाव सापडलं तर मात्र खूष व्हा. बग्ज ज्या कंपनीचा, त्या वॉर्नर ब्रदर्सचं हे नाव १९६७ ते १९६९ एवढंच टिकलं. माझ्याकडे असं जोडनाव असलेली एकच वस्तू आहे, मुलांचा प्लास्टिकचा मग. त्याचा रंग अर्धा उडालाय, पण बुडाची अक्षरं नखाला लागतात.

भारतीय खोका असेल तर त्यावरचा पत्ता वाचा. सहा आकडी पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला, त्यामुळे पत्त्यात पूर्ण पिनकोड असेल तर खोका त्यानंतरचा. इंग्रजी पत्त्यात ‘बॉम्बे’ऐवजी ‘मुंबई’ असेल तर १९९५च्या नंतरचा. रुपयाचं नवं चिन्ह असेल तर २०१०च्या नंतरचा. बारकोडसुद्धा बघा. दुकानात बारकोड वाचून पहिली वस्तू विकली गेली ती १९७४ला, अमेरिकेत, आणि आपल्याकडे तो रुळायला आणखी बराच काळ गेला. काळ्या रेघांचा तो ठोकळा खोक्यावर असेल आणि समोरचा ‘साठ सालचा माल आहे’ म्हणत असेल, तर नमस्कार करून पुढे चला.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ते. कॉपीराइटच्या गोल खुणेपुढे जे साल असतं, ते त्या चित्राच्या हक्काचं साल असतं. वस्तू कधी बनली हे ते सांगत नाही. चित्र चाळीस वर्षं जुनं आणि वस्तू कालची, असं सर्रास असतं. मी हे पैसे मोजून शिकलो. एका मोठ्या शहराच्या जुन्या बाजारात मला बग्जचा पत्र्याचा डबा दिसला. झाकणावर ससा गाजर खातोय, खाली १९४० हा आकडा. बग्ज बनीचा पहिला अधिकृत चित्रपट २७ जुलै १९४०चा, हे मला पाठ होतं. माझं डोकंच चाललं नाही. घासाघीस करून अठराशेला घेतला आणि रेल्वेत मांडीवर ठेवून आणला. घरी आल्यावर किमतीचं चिकटवलेलं लेबल कोमट पाण्याने सोडवलं, तर त्याच्याखाली आकड्याचा उरलेला अर्धा भाग होता. पूर्ण मजकूर ‘१९४० ते १९९०’ असा. बग्जच्या पन्नाशीनिमित्त काढलेला डबा तो. लेबल नेमकं त्याच जागी का लावलं होतं, ते सांगायला नको. तेव्हापासून मी एक वाक्य न लाजता म्हणतो, तुम्हीही म्हणा: ‘भाऊ, हे लेबल काढून दाखवा.’ ज्याच्या मनात पाप नाही तो लगेच काढतो.

असाच घोळ ऑस्वाल्ड सशाचा आहे. हा काळा, लांब कानांचा ससा वॉल्ट डिस्ने आणि अब आयवर्क्स यांनी १९२७ला काढला, म्हणजे मिकीच्याही आधी. पण त्याचे हक्क युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीकडे होते. पुढच्याच वर्षी तो डिस्नेच्या हातून गेला, आणि त्याच घावातून १९२८ला मिकी माऊस पुढे आला. ऑस्वाल्ड डिस्नेकडे परत आला तो २००६ला. आता याचा व्यवहारात अर्थ बघा. ज्या ऑस्वाल्डवर ‘डिस्ने’ असा शिक्का आहे, तो २००६च्या आधीचा असूच शकत नाही. तरीही ‘१९२७चा अँटिक पीस’ म्हणून तो फोटोसकट विकायला असतो. ऑस्वाल्ड मला बग्जपेक्षाही आवडतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. नवा ऑस्वाल्ड नव्याच्या भावात जरूर घ्या, फार गोड ससा आहे.

शिक्का नसेलच, किंवा नक्कल करणाऱ्याने तोही छापला असेल, तर मग चेहऱ्याकडे या. बग्जचं अंग राखाडी, पोट आणि गाल पांढरे, हातमोजे पांढरे, आणि अंगठा धरून हाताला बोटं चार. नकली बग्जला पाच बोटं असतात, नाहीतर मोजे पिवळे. समोरचे दोन दात वेगळे शिवलेले न दिसता नुसता पांढरा चौकोन चिकटवलेला असेल तर तो ‘फर्स्ट कॉपी’ नावाचा माल. मिफी ही डच सशीण, डिक ब्रुना यांनी १९५५ला काढलेली. ती नेहमी सरळ तुमच्याकडे बघते, डोळे म्हणजे दोन ठिपके आणि तोंड म्हणजे एक फुली. तिला हसरं तोंड किंवा पापण्या दिसल्या तर ती मिफी नव्हे. पीटर रॅबिटला निळा कोट. बिअॅट्रिक्स पॉटर बाईंचं पुस्तक फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशन कंपनीने १९०२ला छापलं आणि बाईंनी १९०३लाच पीटरच्या बाहुलीचं पेटंट घेतलं. पात्रावरून वस्तू काढून विकण्याच्या धंद्यातलं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण आहे. आजही अस्सल पीटरच्या पट्टीवर वॉर्न हे नाव असतं.

एक बारीकसं, पण शोधताना उपयोगी पडेल. मराठीत आपण सगळ्यांना ससाच म्हणतो. इंग्रजीत बिळातला पाळीव जातीचा रॅबिट वेगळा आणि आपल्या शिवारातला रानससा, तो हेअर, वेगळा. विकणारे हे तिन्ही शब्द, रॅबिट, बनी, हेअर, मनाला येईल तसे टाकतात. म्हणून तिन्ही शब्दांनी शोधा. नावाचं स्पेलिंग चुकवूनही शोधा. चुकीच्या नावाखाली टाकलेली वस्तू फार लोकांना दिसत नाही, आणि माझ्या फळीवरचे दोन चांगले ससे मला असेच मिळालेत.

आता कुठे मिळेल. नवा माल हवा असेल तर जळगावचं फुले मार्केट आणि धुळ्याचा आग्रा रोड पुरे आहेत. कीचेन, पाण्याच्या बाटल्या, कंपास पेट्या, उशा, रात्रीचे दिवे, सगळं सशाच्या आकारात मिळतं. हा माल बहुतेक मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटकडून नाहीतर दिल्लीच्या सदर बाजारातून येतो. यातलं कार्टूनचं जे असतं ते जवळजवळ सगळं विनापरवाना असतं, हे मी दुकानदार असून सांगतो. सजावटीला घ्यायचं तर घ्या, फक्त जुनं किंवा अस्सल म्हणून एक रुपयाही जास्त देऊ नका. यात्रांमध्ये, सारंगखेड्याला, अमळनेरला, धुळ्याच्या एकवीरेला, हलके प्लास्टिकचे ससे मिळतात, ढोल वाजवणारे, चाकांवर पळणारे. ते मी दरवर्षी एक-एक घेतो. आज त्यांना कुणी विचारत नाही, पण साचा बदलला की तो ससा पुन्हा मिळत नाही.

जुन्यासाठी माझी खरी जागा म्हणजे भुसावळ. रेल्वेचं गाव, पिढ्यान् पिढ्या क्वार्टरमधून राहिलेली कुटुंबं, त्यात अँग्लो-इंडियनही होते. कुणाची बदली झाली, कुणी निवृत्त होऊन मुलाकडे गेलं, की माळ्यावरचं सामान भंगारात जातं. बिस्किटांचे जुने डबे, चिनी मातीच्या ताटल्या, चावीची खेळणी, परदेशातल्या नातेवाईकाने पाठवलेलं काहीबाही. एका भंगारवाल्या काकांशी माझी पंधरा वर्षांची ओळख आहे. ते मला फोन करून एवढंच म्हणतात, ‘हाई जुनं शे भाऊ, येईसन देखी ले.’ त्यांच्याकडेच मला माझा सगळ्यात लाडका ससा मिळाला. वीतभर उंचीचा, पत्र्याचा, गळ्यात ढोल. लाल रंगाची जाकीट पत्र्यावरच छापलेली, बटणांसकट. डाव्या कुशीत चावीचं भोक, चावी हरवलेली. टाचेखाली ‘जपान’ एवढीच अक्षरं. पत्र्याचे दोन अर्धे एकमेकांना ज्या बारीक जिभांनी अडकवतात, त्या सगळ्या एकदाच वाकवलेल्या होत्या, पुन्हा उघडून दाबल्याची खूण नव्हती. म्हणजे तो कधीच उघडलेला नव्हता, आतली स्प्रिंग कारखान्यातलीच. चावी मी एका घड्याळजीकडून घासून घेतली. अर्धा फेरा दिला आणि त्याने दोनदा ढोल वाजवला. पुढे मी त्याला वाजवलेलं नाही. जुनी स्प्रिंग पूर्ण आवळली की तुटू शकते.

रद्दीवाल्यांना मात्र विसरू नका. आपल्या भाषेतला ससासुद्धा तुमच्या फडताळावर हवा ना! मराठी ‘चंपक’च्या जुन्या अंकांमधला चीकू ससा आठवतो का? इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक, जुना ‘चांदोबा’, हे आजही पाचोरा, चोपडा, शिरपूरकडच्या रद्दीच्या गठ्ठ्यात निघतं. रद्दीवाल्याला वजनाच्या भावापेक्षा थोडे जास्त देऊन सांगून ठेवा, की असलं काही आलं तर फाडू नका, बाजूला ठेवा. घेताना आधी मधली पानं मोजा, मग मुखपृष्ठ बघा. कोड्यांचं किंवा चित्र रंगवायचं पान मुलांनी कापून घेतलेलं असतं. तुमच्या लेकीला तो चीकू वाचूनही दाखवता येईल, हे परदेशी सशांच्या बाबतीत होत नाही.

पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार मोठे आहेतच. नंदुरबारकडच्यांना सुरत जवळ पडतं. पण नवख्या माणसाने पहिल्या फेरीत तिथे काही घेऊ नये, नुसतं उलटंपालटं करून बघावं.

परदेशातून मागवायचं असेल तर दोनदा विचार करा. ईबेची भारतातली शाखा २०१८ला बंद झाली, त्यामुळे आता माल बाहेरूनच येतो. नातेवाईकाने ‘गिफ्ट’ म्हणून पाठवलं तर ड्युटी नाही, ही समजूत जुनी झाली. डिसेंबर २०१९पासून ती सवलत राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर उरलेली नाही. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२०ला २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ला ७०. वर पोस्टाचा खर्च. पाचशेची वस्तू घरात येईपर्यंत कितीला पडेल, याचा हिशेब आधी करा. भाव समजून घ्यायला मात्र ती संकेतस्थळं उत्तम. तिथे मागितलेला भाव बघू नका, ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ ही चाळणी लावून बघा. मागणारा काहीही मागतो, कुणीतरी दिलेला भाव तो खरा.

लेकीच्या हातात जे द्यायचं त्याचा विचार वेगळा करा, ताई. १ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयची खूण बंधनकारक आहे. खेळायचा ससा ती खूण बघूनच घ्या. डोळे ओढून बघा, बटणाचे डोळे सुटतात आणि घरात आणखी लहान मूल असेल तर ते तोंडात जातात. जुन्या पत्र्याच्या खेळण्यांच्या रंगात शिसं असू शकतं आणि कडा धारदार असतात. ती काचेमागे.

आणि एक वस्तू अजिबात घेऊ नका. ‘लकी’ म्हणून सशाच्या पायाची कीचेन काही ठिकाणी विकतात. आपला रानससा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. पाय खरा की कृत्रिम केसांचा, हे तुम्हाला तिथे उभ्या उभ्या कळणार नाही. मला तर ती वस्तू बघवतही नाही.

पाच हजारांचं मी असं करीन. निम्मे पैसे एका चांगल्या वस्तूसाठी राखून ठेवा आणि सहा महिने थांबायची तयारी ठेवा. रॉयल डाल्टन या इंग्रज कंपनीची बनीकिन्स, म्हणजे सशांच्या चित्रांची, ताटली मिळाली तर तीच घ्या. १९३४पासून मुलांसाठी निघालेली ही भांडी, चित्रं बार्बरा व्हर्नन यांची, आणि सुरुवातीच्या ताटल्यांवर त्यांची सहीसुद्धा छापलेली दिसते. जुन्या रेल्वे किंवा पारशी कुटुंबांच्या सामानात ही निघते. बूड बघा, मग बोट कडेवरून फिरवा. टवका डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला लागतो. शेवटी नखाने टिचकी मारा. अखंड ताटली स्वच्छ वाजते, तडा गेलेली बद्द. उरलेल्या पैशातले हजार जुन्या अंकांना, हजार लेकीच्या अस्सल पट्टीच्या सॉफ्ट टॉयला, आणि बाकीचे यात्रेला जाताना तिच्या हातात द्या. तिने निवडलेला ससा फडताळावर मधोमध ठेवा.

आता जपणूक. यात खान्देशात राहणाऱ्याला जास्त काळजी घ्यावी लागते, म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. मऊ रबरी प्लास्टिक लवचीक राहावं म्हणून त्यात जे तेलकट रसायन घालतात, ते उष्णतेने बाहेर येतं आणि बाहुली चिकट होते. ती हवाबंद पिशवीत कोंबली की आणखी चिकट. पत्र्याच्या छपराखाली, माळ्यावर, किंवा पश्चिमेच्या भिंतीला काही ठेवू नका. घरातल्या आतल्या भिंतीचं, खालचं फडताळ घ्या. खळ काढलेलं धुवट सुती कापड खाली अंथरा. उन्हाची तिरीप येत असेल तर पांढरं प्लास्टिक दोन उन्हाळ्यांत पिवळं पडतं आणि छापील रंग विटतात.

कूलरची गोष्ट कुणी सांगत नाही, ती मी सांगतो. उन्हाळाभर कूलरची ओली हवा ज्या खोलीत फिरते, त्या खोलीत पत्र्याचं खेळणं ठेवलं की जिभांच्या खाचांत गंज धरतो. माझा एक पत्र्याचा ससा असाच गेला. खोलीत कूलर असेल तर फडताळाला काचेचं दार लावा आणि पत्र्याचे ससे दुसऱ्या खोलीत हलवा. डांबराच्या गोळ्या प्लास्टिकजवळ नकोत, त्यांच्या वासानेच काही प्लास्टिक मऊ पडतं. अंकांना कसर लागू नये म्हणून सुकलेला कडुनिंबाचा पाला कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवा, पानांना थेट चिकटू देऊ नका. धूळ रंगाच्या मऊ कोरड्या ब्रशने झटका. थिनर, स्पिरिट, काच पुसायचं पाणी, काही लावू नका, पत्र्यावरची छपाई कापसाबरोबर निघून येते. सेल घालायच्या खेळण्यातले सेल आजच काढा.

राहिला तुमच्या सासूबाईंचा ससा. कानाचा तुकडा जपून ठेवलाय, हे फार चांगलं केलंत. फेविक्विक लावू नका. तो थर पुढे पिवळा पडतो, आणि एकदा तिरका बसला की सुटता सुटत नाही. तुकडा मऊ कापडात वेगळा गुंडाळा, सशाच्या शेजारीच ठेवा. तुटलेली बाजू मळकट आणि जुनी दिसतेय की पांढरीशुभ्र, ते उजेडात बघा. शुभ्र असेल तर तुटणं अलीकडचं, आणि जाणकार माणूस ते जवळजवळ न दिसेल असं जोडू शकतो. मग ससा उलटा करा. बुडावर काही अक्षरं, आकडे, रंगाने काढलेली एखादी खूण, काहीही असेल तर खिडकीपाशी, फ्लॅश न लावता फोटो काढा, एक सरळ आणि एक तिरक्या उजेडात. दाबून उमटवलेला शिक्का सरळ उजेडात दिसत नाही, तिरक्या उजेडातच वर येतो. आणि सासूबाईंना विचारा, तो ससा त्यांना कुणी दिला, कोणत्या गावात, साधारण कधी. ते एका कागदावर पेन्सिलीने लिहून सशाखाली ठेवा.